नाव एक, गाडी निराळी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता ओरोस येथे सिंधुदुर्गनगरीजवळून निघून कुडाळ, झाराप, बांदा या मार्गाने गोव्याच्या हद्दीला भिडतो. गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे या रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते, तीत जपानी, कोरियन, जर्मन, चेक अशा नाना देशांच्या कंपन्यांची नावे वाचावयास मिळतात. गावी आलेल्या चाकरमानी मंडळींत मस्कत, दुबई किंवा लंडन पाहून आलेला एखादा असतोच. पडवीत बैठक जमली, की तो अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवून म्हणतो, "ही गाडी तिकडेही मिळते, पण ती ही नव्हे. तिचे इंजिन मोठे, अंगाने ती लांब, आणि येथे ज्या सोयीकरिता वेगळे पैसे मोजावे लागतात ती सोय तिकडे मुळातच असते." त्यावर दुसरा विचारतो, "या कंपनीचे दहा नमुने जगात विकले जातात, त्यांतले दोनच आपल्याकडे का यावेत? बाकीच्या आठांनी आपले काय घोडे मारले आहे?"

या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते. कंपन्या आपल्या देशाला दुय्यम समजतात, असे ते वाक्य होय. त्यात सत्याचा अंश मुळीच नाही असे नव्हे; तो किती आहे याचा विचार पुढे येईलच. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. मोटार ही केवळ कारखान्यात घडत नसते. ज्या देशात ती विकावयाची, त्या देशाचा कायदा, कर, इंधन, रस्ता आणि गिऱ्हाइकाची थैली या पाच कारागिरांचे हात तिच्यावरून फिरलेले असतात. कारखानदार हा सहावा. आणि पुष्कळदा तो इतर पाचांच्या तंत्राने चालतो.

याचा पुरावा शोधण्यास सातासमुद्रापलीकडे जावे लागत नाही. तो बांद्याच्या पलीकडेच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तोपर्यंत पत्रादेवीचा नाका ही दोन राजसत्तांमधील सरहद्द होती. अलीकडे बांदा, पलीकडे पेडणे. माती तीच, पाऊस तोच, चढउतार व वळणे तीच, माणसांची बोली आणि नातीगोतीही बहुतांशी एकच. रस्त्यावरच्या मोटारी मात्र एक नव्हत्या.

भारताच्या बाजूस स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवावे आणि मोटारींचे कारखाने देशातच उभे राहावेत, असे धोरण ठरले. १९४९ साली पूर्ण तयार मोटारींच्या आयातीस बंदी झाली. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनने अशी शिफारस केली, की ज्यांनी सुटे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम हाती घेतला असेल अशाच कंपन्यांनी धंदा चालवावा. मुंबईत १९२८ पासून मोटारी जुळविणारी जनरल मोटर्स आणि तिच्या पाठोपाठ आलेली फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी तेव्हा काढता पाय घेतला. उरल्या त्या मोजक्या. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचा नमुना बनवू लागली. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबॅसडर तयार होऊ लागली. मद्रासेत स्टँडर्डची गाडी निघू लागली. इटलीने ज्या फियाट ११०० ची निर्मिती १९६९ साली थांबविली, तिचीच वंशज असलेली पद्मिनी कुर्ल्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. अँबॅसडर तर २०१४ पर्यंत टिकली. परदेशात जे नमुने इतिहासजमा झाले, ते येथे संसारी माणसाचे स्वप्न होऊन राहिले, कारण दुसरे काही दारात येऊ शकत नव्हते.

पलीकडे गोव्यात नेमके उलट घडले. १९५५ साली भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सत्तेने समुद्रमार्गे परदेशी मालाला दार मोकळे सोडले. लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीकडे जाई आणि त्याच्या पैशाने घड्याळे, मद्य, कापड यांबरोबर मोटारीही येत. त्यामुळे मुंबईच्या श्रीमंतासही सहज न मिळणाऱ्या मर्सिडीझ-बेंझ गाड्या गोव्यात भाड्याच्या टॅक्सी म्हणून धावताना दिसत. मुक्तीनंतर भारताचे आयातधोरण गोव्यासही लागू झाले. गाड्या राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग मिळणे दुर्घट झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बांद्याच्या माणसाची आवड आणि पेडण्याच्या माणसाची आवड यांत फरक नव्हता. फरक होता तो नाक्यावरच्या नियमात. परदेशी कारखानदाराने नकाशावर बोट ठेवून एका गावास चांगले व दुसऱ्यास वाईट दिले नव्हते. एका दाराला कुलूप होते व दुसरे उघडे होते, इतकेच.

याच सरहद्दीवर दुसरा एक धडा मिळतो. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने हाकण्याची रीत सोडून उजवी बाजू स्वीकारली. परंतु गोव्यात हा बदल केला गेला नाही. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत असता गोव्याने उजवीकडून चालणे अव्यवहार्य होते. जी वसाहत लिस्बनच्या हुकमाने चाले, तिलाही रस्त्याच्या बाबतीत शेजाऱ्याचेच ऐकावे लागले.

डावी-उजवी ही बाब दिसते तितकी क्षुल्लक नाही. डावीकडून चालणाऱ्या देशात चालकाचे चक्र उजव्या बाजूस लागते. ते एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूस बसविले की भागले, असे सामान्यतः वाटते. वस्तुतः चक्राबरोबर त्याचा दांडा, पायाखालचे ब्रेक व क्लच, समोरचा फलक, काच पुसणाऱ्या पात्यांची चाल, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून दिव्यांचा कल, इतके सारे बदलावे लागते. इंजिनाच्या पेटीत त्या बाजूस आधीच दुसरे यंत्र ठाण मांडून बसलेले असेल, तर गाडीचा आराखडाच नव्याने आखावा लागतो. जगातील बहुसंख्य देश उजवीकडून चालतात. म्हणून ज्या नमुन्याला डावीकडच्या देशांत पुरेसे गिऱ्हाईक मिळणार नाही असे कारखानदारास वाटते, त्याची उजव्या चक्राची आवृत्ती तो काढीतच नाही. परदेशातून भारतात आणावयाच्या गाडीचे चक्र उजवीकडेच असले पाहिजे, ही आयातीची अटच आहे. दुबईतील मनाजोगती गाडी तशीच्या तशी मालवणास आणता येत नाही, त्याचे पहिले कारण हे.

आता कराकडे वळू. करआकारणीचे सूत्र बदलले की मोटारीचा आकार कसा बदलतो, याचे जुने व ठळक उदाहरण इंग्लंडचे आहे. १९२१ पासून तेथे मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर होता. ही अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या जोरावरून नव्हे, तर सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास यांवरून मोजीत. साहजिकच इंग्रज कारखानदार सिलिंडर अरुंद व उंच करू लागले. अमेरिकेच्या फोर्ड टी गाडीला या हिशेबाने सुमारे २३ पौंड पडत, तर ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या इंग्रजी गाडीला आठच. कायद्याच्या पुस्तकातील एका सूत्राने अशा प्रकारे एका देशाच्या इंजिनांची ठेवण ठरविली.

त्या काळी हिंदुस्थानात येणारी फोर्डही थेट अमेरिकेतून येत नसे. ती कॅनडातून येई. इंग्लंड व आयर्लंड सोडून उरलेल्या ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड विकण्याचा अधिकार कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होता, आणि साम्राज्यातील मालास जकातीत सवलत मिळण्याची सोय त्यामागे होती. नाव अमेरिकन, घडण कॅनडाची आणि चक्र उजव्या हाताचे, अशी ती गाडी मुंबईच्या धक्क्यावर उतरे.

जपानमध्ये लहान मोटारींचा एक विशेष वर्ग आहे. ठराविक लांबी, रुंदी व इंजिनाच्या मर्यादेत बसणाऱ्या गाडीस तेथे कर कमी पडतो. ही इंजिनाची मर्यादा १९७६ ते १९९० या काळात ५५० घन सेंटिमीटर होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या ग्राहकास मिळालेली मारुती ८०० ही मूळची सुझुकीची जी गाडी, तिचे जपानमधील इंजिन या मर्यादेच्या आतले असे. आपल्याकडे मात्र ते ७९६ घन सेंटिमीटरचे होते. येथे भारताच्या वाट्यास मोठे इंजिन आले, लहान नव्हे. निराळे म्हणजे नेहमी हिणकसच असते असे नाही, हेही यावरून दिसते.

आपल्या सरकारनेही असे सूत्र घातले आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून अधिक लांब नसलेल्या आणि पेट्रोलवर १२००, डिझेलवर १५०० घन सेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादनशुल्क शेकडा २४ वरून १६ वर आणले गेले. मग शिंप्याने कापड बेतावे तशा गाड्या बेतल्या जाऊ लागल्या. स्विफ्ट डिझायर ही गाडी प्रथम ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ साली तिची पाठीमागची सामानाची पेटी आखूड करून ती ३९९५ मिलिमीटरांत बसविण्यात आली. केवळ पाच मिलिमीटर सीमेच्या आत! पाठीमागून तुटल्यासारख्या दिसणाऱ्या या गाड्या पाहून रसिक नाक मुरडतात. पण ती कात्री कलावंताने नव्हे, करतज्ज्ञाने चालविलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांतही हीच रेषा कायम ठेवून तिच्या आतील गाड्यांवर शेकडा १८ व बाहेरील गाड्यांवर शेकडा ४० असा कर ठरला. जेथे ही रेषा नाही, तेथे चार मीटरांच्या आत गाडी कोंबण्याचे कोणास काय कारण?

आयात जकातीचे कार्य याहून सरळ आहे. परदेशातून पूर्ण तयार येणाऱ्या मोटारीवर आपल्याकडे दीर्घकाळ तिच्या किमतीएवढी किंवा तिच्या जवळपास जाणारी जकात बसत आली. वीस लाखांची गाडी अशा जकातीने बंदरातच चाळीस लाखांची होते. तीच गाडी सुट्या भागांच्या पेट्या भरून आणली व येथे जुळविली, तर जकात कमी पडते. स्कोडाची ऑक्टेव्हिया २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादेजवळ शेंद्रे येथे जुळविली जाऊ लागली ती याच हिशेबाने. परंतु जुळणीचा कारखाना घालावयाचा तर गाड्याही तितक्या खपावयास हव्यात. म्हणून कंपनी आपल्या दहा नमुन्यांतून खपतील असे दोन-तीन निवडते.

शाळेतील त्रैराशिकाने ही निवड समजते. समजा, एक नवा नमुना देशात आणण्यास परीक्षणे, सुट्या भागांचा साठा, कारागिरांचे शिक्षण व जाहिरात मिळून दहा कोटी रुपये लागले. गाड्या पन्नास हजार खपल्या, तर हा भार दर गाडीमागे दोन हजार रुपये पडतो. पाचशेच खपल्या, तर तो दोन लाख होतो. आठ नमुने आपल्या नशिबी का नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा या भागाकारात असते.

परीक्षणाचा उल्लेख वर आला. प्रत्येक देश आपल्या रस्त्यावर येणाऱ्या गाडीची परीक्षा आपल्या पद्धतीने घेतो. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नमुन्याची अधिकृत संस्थेत तपासणी व्हावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांतील एक प्रमुख संस्था. युरोपातील देशांनी १९५८ साली जिनीव्हा येथे करार करून एकमेकांची प्रमाणपत्रे मान्य करण्याची वाट काढली. अमेरिकेने मात्र आपला मार्ग वेगळा ठेवला. १९४० पासून १९८३ पर्यंत अमेरिकेत ठराविक मापाचे बंद दिवेच लावावे लागत, म्हणून युरोपातील सुंदर काचेआडचे दिवे काढून तेथे पाठवावयाच्या गाड्यांना वेगळेच डोळे बसवीत. एका गावची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्या गावी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवावे, तसाच हा प्रकार. खर्चाचा हा अडसर ओळखून भारत सरकारने २०१८ साली, युरोप किंवा जपानची मान्यता असलेल्या गाड्या वर्षाला २५०० पर्यंत येथील परीक्षणाशिवाय आणण्याची मुभा दिली. त्यामुळे थोड्या संख्येने खपणाऱ्या महागड्या नमुन्यांना वाट मिळाली.

इंधन व रस्ता यांविषयी थोडक्यात सांगता येईल. धूर स्वच्छ करणारे यंत्र शिशाने निकामी होते व गंधकाने दुबळे पडते. शिसेविरहित पेट्रोल आपल्या चार महानगरांत १९९५ साली आणि देशभर २००० साली मिळू लागले. गंधक अत्यल्प असलेले भारत स्टेज सहाचे इंधन १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र आले. त्यापूर्वी युरोपचे अद्ययावत इंजिन येथे आणले असते, तर आपल्या पंपावरच्या इंधनाने त्याचे पोट बिघडले असते. अरबस्तानच्या उन्हाकरिता मोठा रेडिएटर व जोरकस वातानुकूलन लागते. कोकणच्या खड्ड्यांकरिता गाडीचे पोट जमिनीपासून उंच ठेवावे लागते. सवयीही मोजाव्या लागतात. आपल्याकडे व चीनमध्ये श्रीमंत मालक मागे बसतो आणि गाडी चालक हाकतो; म्हणून मर्सिडीझने आपल्या ई-क्लास गाडीची मागील बैठक ऐसपैस केलेली लांब आवृत्ती २०१७ साली उजव्या चक्रासह भारतासाठी काढली. जर्मन मालक स्वतः हाकतो. त्याला ती लांबी नको असते.

येथवरचा विचार ऐकून कोणास वाटेल, की मग कारखानदाराकडे दोष असा काही राहिलाच नाही. तसे मात्र नव्हे. पाच कारागिरांनी जेथे काही सांगितलेले नसते, तेथे सहावा आपल्या फायद्याचे पाहतो; आणि ती जागा कधी कधी माणसाच्या छातीसमोरची असते.

३१ जानेवारी २०१४ रोजी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारींच्या टकरीच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत एकही तारा मिळाला नाही. त्यांत पुण्याजवळ चाकण येथे बनणारी फोक्सवॅगन पोलो होती. युरोपात २००९ साली याच नावाच्या गाडीने पाच तारे मिळविले होते. विशेष म्हणजे चाकणच्या गाडीचा सांगाडा टकरीत टिकला होता. उणीव होती ती एअरबॅगांची, म्हणजे आघात होताच फुगून छातीस व डोक्यास आधार देणाऱ्या पिशव्यांची. दोन पिशव्या असलेली तीच पोलो तपासली असता तिला चार तारे मिळाले, आणि कंपनीने पिशव्या नसलेली आवृत्ती विक्रीतून काढून घेतली.

दशावतारात नट तोच असला, तरी आख्यान बदलले की पोशाख बदलतो. तसा येथे सांगाडा तोच राहून साज बदलला होता. परंतु भरजरी शेला काढून घेणे वेगळे आणि चिलखत काढून घेणे वेगळे. आसनाचे कापड, दिव्यांची नक्षी, गाण्याचे यंत्र हा शेला. पिशव्या व ब्रेक हे चिलखत. या दोहोंत भेद न करता किंमत उतरविण्यासाठी दोन्ही सारखीच कापली गेली, येथे कारखानदाराचा दोष आहे. पण गिऱ्हाइकाचाही आहे. कारण पिशव्या असलेली महाग आवृत्ती दुकानात उभी असता आपल्यापैकी पुष्कळांनी तो पैसा आसनाच्या कापडावर खर्च केला. आणि कायदाही उशिरा जागा झाला. चालकासमोरची पिशवी सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या आसनासाठीची सक्ती २०२१ साली टप्प्याटप्प्याने आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची तारांकनपद्धत सुरू झाली. कायद्याने बोट उचलले, की जे काल परवडत नव्हते ते आज परवडू लागते, हा अनुभव सर्व देशांचा आहे.

तळेगावची हकीकत या सर्वांवर कळस चढविते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबविले. परंतु तळेगावच्या कारखान्यात डिसेंबर २०२० पर्यंत परदेशी पाठविण्यासाठी डाव्या चक्राच्या शेव्हरोले गाड्या बनतच होत्या, आणि त्यांतील पुष्कळ मेक्सिकोला जात. पुण्याच्या उंबरठ्यावर मराठी कामगारांच्या हातांनी घडलेली गाडी पुण्याच्या माणसास विकत मिळत नव्हती. गाडी कोठे बनते यापेक्षा ती कोणासाठी बनते हेच निर्णायक असते, याहून स्पष्ट दाखला तो कोणता?

तेव्हा पडवीतल्या त्या दोघांना उत्तर द्यावयाचे, तर ते असे द्यावे लागेल. आठ नमुने आले नाहीत, याचे फारसे वाईट वाटून घेऊ नये. ते बहुधा चक्र, जकात आणि भागाकार यांच्या पायी अडले आहेत. पण जी गाडी दारात येते, तिच्यावरील नाव वाचून थांबू नये. तिकडे याच नावाला पाच तारे मिळाले, म्हणून येथेही ते मिळालेच असे धरून चालू नये. आपल्या देशात, आपल्याच आवृत्तीची परीक्षा झाली आहे काय, झाली असल्यास निकाल काय, आणि आपण घेत आहोत त्या प्रतीत कोणते चिलखत आहे व कोणते नाही, हे तीन प्रश्न विक्रेत्यास विचारून त्यांची उत्तरे कागदावर घ्यावीत. घरात लग्नासाठी स्थळ पाहताना आडनावावर न थांबता चार ठिकाणी चौकशी करणारी आपली माणसे गाडीच्या बाबतीतच नावावर का भाळावीत? चतुर्थीला मुंबईहून निघालेले कुटुंब ज्या गाडीत रात्रभर झोपेवर झोप घेत ओरोसला पोचते, त्या गाडीचे नाव त्यांना वाचवीत नाही. वाचविते ते तिच्यात प्रत्यक्ष बसविलेले असते तेच.